लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल

१

प्रफुल्ल मेश्रामच्या अंगावरची गाडी उचलायला अकरा माणसं लागली.

लखनौत आलमबागला बस अड्ड्याच्या मागच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. सकाळी साडेदहाला दोन खांबांच्या लिफ्टवर चढवलेली एसयूव्ही एका झटक्यात खाली आली. प्रफुल्ल तिच्याखाली उभा राहून सायलेन्सरचा नट सोडवत होता. समोरचा चहावाला, टेम्पोचे ड्रायव्हर, शेजारच्या टायरवाल्याची माणसं, सगळे धावले. गाडी बाजूला झाली तेव्हा प्रफुल्लच्या मुठीत पाना तसाच होता. रईस मिस्त्रीने एकेक बोट उघडून तो काढून घेतला.

तीन दिवसांनी पोलिसांनी रईसलाच उचललं.

कारण साधं होतं. लिफ्टच्या खांबात आतून एक दातेरी लॉक असतं. तेल गळालं, पंप बसला, तरी गाडी त्या लॉकवर अडकून राहते. विमा कंपनीच्या इंजिनिअरने खांबाचं झाकण उघडलं तर लॉकचे दात झिजून गोल झालेले. पण गॅरेजच्या फायलीत तेरा ऑक्टोबरचं बिल होतं. नवीन लॉक, नवीन तार, सील, मजुरी. एक लाख रुपये, वर अठरा हजार जीएसटी. अपघाताच्या साडेतीन आठवडे आधीचं. पोलिसांनी सरळ अर्थ लावला. नवीन लॉक बसवलं होतं, आता तिथे जुनं आहे, म्हणजे नवीन कुणीतरी काढून विकलं. खांब उघडून पुन्हा बंद करता येईल असा माणूस त्या गॅरेजात एकच होता.

बाबूराव गजभियेंना हे सगळं विभाने सांगितलं. प्रफुल्लची बायको. तिने गुरुवारी फोन केला, "काका, जय भीम. घरी येता का? फोनवर नाही बोलता येत."

बाबूराव आयकर खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे भंडाऱ्याचे, मेश्रामांचं घरही तिकडचंच. लखनौतल्या चाळीस-पन्नास मराठी घरांत कुणाला नोटीस आली, कुणाचं रिटर्न अडलं की बाबूरावांना बोलावणं यायचं. मार्चमध्ये त्यांची बायको कमल गेली. तेव्हापासून ते कुणाकडे गेले नव्हते आणि लोकांनीही बोलावणं सोडलं होतं.

विभाने चहा ठेवला. अकरा वर्षांची पिंकी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. टेबलावर बिलाची फाईल आधीच काढून ठेवलेली होती.

"सोमवारी रईसभाईंच्या जामिनाची तारीख आहे," विभा म्हणाली. "वकील म्हणतो, हे बिल आहे तोवर जामीन नाही. त्यांची बायको रोज सकाळी येते, काका. काही बोलत नाही. जिन्यावर बसते आणि जाते."

"लिफ्टचं काम कुणी ठरवलं होतं?"

"यांनीच. आम्ही दसऱ्याला नागपूरला होतो, दीक्षाभूमीला. गॅरेज बंद असतानाच काम उरकून घ्या, असं यांनी फोनवरून ठरवलं."

"आणि रईस?"

"ते मलिहाबादला गेले होते, भाचीच्या लग्नाला. गॅरेजची किल्ली अनुपभाऊजींकडे होती." अनुप म्हणजे प्रफुल्लचा धाकटा भाऊ, गॅरेजचा अर्धा मालक.

बाबूरावांनी चष्मा लावून बिल वाचलं. फर्म कानपूरची होती. नंबर, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी.

"बिल खरं असेल तर रईस चोर आहे," ते म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"रईसभाईंनी नाही केलं."

"कशावरून?"

विभाने कप उचलला, पण चहा प्यायली नाही. "मला माहीत आहे," एवढंच म्हणाली.

२

तुरुंगात भेटीची वेळ वीस मिनिटांची. जाळीच्या पलीकडे रईस उभा होता. पन्नाशीचा माणूस. नखांतलं काळं ग्रीस पंधरा दिवसांत निघून गेलं होतं आणि त्यामुळे त्याचे हात दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

"आप प्रफुल्ल भैया के टैक्स वाले काका हैं ना?"

"हो. रईसभाई, मला एकच सांगा. विभा म्हणते, तुम्ही उन्हाळ्यात प्रफुल्लला सांगितलं होतंत की लॉक झिजलंय. खरं?"

"एक बार नहीं, चार बार कहा. मैंने तो कहा नई लिफ्ट ले लो, ये बुढ़िया अब किसी दिन बैठ जाएगी. भैया मान भी गए थे. फिर जाने किसने समझा दिया कि नई मत लो, मरम्मत करा लो."

बाबूरावांनी चष्मा काढून पुसला.

"मलिहाबादहून परत आल्यावर खांब उघडून पाहिला नाहीत?"

रईसने जाळीला कपाळ टेकवलं. "यही तो रोज़ सोचता हूँ. ताज़ा पीला पेंट था दोनों खंभों पर. भैया ने फोन में बिल दिखाया, बोले, लो उस्ताद, अब मत रोना, पूरे एक लाख लगे हैं. गाड़ी चढ़ाई तो लॉक की आवाज़ वही पुरानी. टक-टक नहीं, घिस-घिस. मैंने सोचा नया है, बैठने में टाइम लेगा. बीस साल का मिस्त्री, और आवाज़ नहीं मानी. बिल मान लिया."

"नवीन लॉक तुम्ही कधी पाहिलंच नाही?"

"काका, मैंने सिर्फ़ कागज़ देखा. उस गैराज में नया लॉक किसी ने देखा हो तो उसका नाम बताइए."

शिपायाने काठी आपटली. वेळ संपली होती. रईस जाता जाता वळला.

"अनुप ने पुलिस से कहा है कि उसके सामने लगा. उससे पूछिए ना, कितने बोल्ट का होता है."

३

बाबूराव शुक्रवारी विनय रस्तोगीकडे गेले. मेश्रामांचे टॅक्सचे कागद विनयकडे असत. लखनौत अशा माणसाला सगळे 'वकील साहब' म्हणतात, मग त्याने कोर्टाची पायरी चढलेली नसली तरी चालतं. पस्तिशीचा, गोरा, तोंडात सतत इलायची.

"अरे गजभिये साहब! आप तो हमारे उस्तादों के उस्ताद. बैठिए. मरने वाले का रिटर्न भी भरना पड़ता है, क्या ज़माना है."

"विनय, मला लिफ्टच्या बिलाचे सगळे कागद दाखव."

"सब पक्का है. पोर्टल पर बिल चढ़ा हुआ है, बैंक से पेमेंट है. अठारह हज़ार का क्रेडिट मैंने ले लिया. एक लाख मरम्मत खर्चे में." त्याने इलायची गालातून गालात फिरवली. "वैसे ये तो आपका ही फॉर्मूला था. प्रफुल्ल ने बताया था मुझे, काका ने समझाया है."

बाबूरावांना तो जुलैमधला रविवार आठवला. कमलला जाऊन चार महिने झाले होते. प्रफुल्ल रिटर्न दाखवायला घरी आला होता आणि म्हणाला होता, तीन लाखांची नवीन लिफ्ट घेतो. बाबूरावांनी सवयीने सांगितलं होतं. नवीन लिफ्ट म्हणजे मालमत्ता. तिचा वर्षाला पंधरा टक्के घसारा मिळणार, आणि दिवाळीच्या सुमाराला घेतलीस तर यंदा त्याच्याही निम्मा. दुरुस्ती केलीस तर अख्खा खर्च याच वर्षी वजा. वर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तेवढी सूट. लिफ्ट चालतेय ना? मग दुरुस्त कर. त्या दिवशी त्यांनी लॉकबद्दल काही विचारलं नव्हतं. कराबद्दल विचारलं होतं, कराबद्दल सांगितलं होतं.

"त्या कानपूरच्या फर्मला फोन केलास कधी?"

"मैं क्यों करूँ?"

"मी काल केला. बंद आहे. माझ्या जुन्या खात्यातला एक माणूस कानपूरला असतो. त्याला पत्त्यावर पाठवलं. तिथे शिलाईचं दुकान आहे. पंधरा वर्षांपासून."

विनयच्या तोंडातली इलायची थांबली.

"बिल खोटं आहे विनय. माल आलाच नाही. कुणी लॉक चोरलं नाही, कारण लॉक बसवलंच नव्हतं. बँकेतून पैसे गेले, तिकडच्याने आपले टक्के कापले आणि बाकीची रोकड परत दिली. हे तुला नवीन नाही."

"साहब, कसम से. मैं बिल बनवाता नहीं. जो आता है वो चढ़ाता हूँ. महीने में एक बार, बस." त्याने फोन पुढे केला. "देखिए. अक्टूबर के सारे कागज़ मुझे दो नवंबर को मिले. एक साथ. उसके पहले कुछ देखा हो तो फाँसी दे दीजिए."

फोनवर तारीख होती. दोन नोव्हेंबर, बिलं, जॉब कार्डं, सगळं एकाच दिवशी आलेलं.

"पन्नास हजारांच्या वरचा माल आहे. ई-वे बिल असेल. कुठल्या गाडीतून माल आला ते त्यात लिहिलेलं असतं."

विनयने तो कागद छापून दिला. माल कानपूरहून आलमबागला, तेरा ऑक्टोबर, पिकअप गाडी. नंबरचे शेवटचे चार आकडे ४१७०.

बाबूराव उठता उठता परत बसले. विनयच्या टेबलावर ऑक्टोबरच्या जॉब कार्डांचा गठ्ठा होता. गॅरेजात आलेल्या प्रत्येक गाडीचं एक कार्ड. त्यांनी गठ्ठा ओढला आणि एकेक कार्ड उलटत गेले. नऊ ऑक्टोबरच्या कार्डावर त्यांचा अंगठा थांबला.

पिकअप. ४१७०. तक्रार: धूर मारते, तपासणे.

माल घेऊन आलेली गाडी चार दिवस आधीपासून गॅरेजातच उभी होती.

४

अनुप गॅरेजात एकटाच होता. पोलिसांनी लिफ्टभोवती दोरी बांधली होती. पिवळे खांब नवेकोरे दिसत होते.

"या काका. चाय मँगवाऊँ?"

"नको. अनुप, लॉक किती बोल्टचं असतं?"

"काय?"

"तुझ्यासमोर बसवलं ना? किती बोल्ट?"

अनुप हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "अरे यार काका, मी काय मोजत बसलो होतो? तीन लोक आले, दोन दिवस काम केलं, गेले."

"कशातून आले?"

"गाडीतून. पिकअप होती."

"ही?" बाबूरावांनी ई-वे बिल पुढे धरलं.

अनुपने नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग तो मागे सरकून टायरवर बसला.

"ही गाडी तर..."

"इथेच होती. नऊ तारखेपासून. कार्ड तुझ्या अक्षरात आहे. अनुप, हा नंबर कानपूरच्या माणसाला स्वप्नात पडला नाही. या गॅरेजातल्या कुणीतरी दिला. प्रफुल्ल नागपूरला, रईस मलिहाबादला. राहिलास तू. जमीन विकायची म्हणून तू भावाशी वर्षभर भांडत होतास, हे सगळ्या आलमबागला माहीत आहे."

"काका, मी भांडत होतो. मारत नव्हतो!" अनुपचा आवाज फाटला. त्याने फोन काढला. फोटो लवकर सापडेना. मग सापडला. "हे बघा. दहा तारीख. ही बघा तुमची ४१७०."

फोटोत पिकअपचं बॉनेट उघडं होतं. आत पोकळी होती. इंजिन खाली गोणपाटावर ठेवलेलं होतं आणि त्याच्या शेजारी अनुप बसला होता, कोपरापर्यंत काळा.

"मी स्वतः उतरवलंय हे इंजिन. बावीस तारखेपर्यंत ते जमिनीवर होतं. दारात बारा गाड्या उभ्या होत्या, काका. मला खोटा नंबर द्यायचाच असता तर चालती गाडी सोडून बिनइंजिनाची दिली असती? इतका येडा आहे मी?"

बाबूराव फोटोकडे बघत राहिले. तो खरं बोलत होता. आपण ज्याला पुरावा समजून आलो, त्यानेच हा माणूस सुटतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"मग पोलिसांना खोटं का सांगितलंस? तुझ्यासमोर लॉक बसवलं म्हणून?"

अनुपने तोंड ओंजळीत लपवलं.

५

"मी इथे नव्हतोच," अनुप म्हणाला. "बाराबंकीला होतो, सासुरवाडीला. दोन दिवस. भैयाने मला सांगितलं होतं, मिस्त्री येतील, जवळ उभा राहून करून घे. मी किल्ली समोरच्या चहावाल्याकडे ठेवली आणि गेलो. परत आलो तर घरच्या ग्रुपवर बिल आलेलं होतं. मला वाटलं, झालं काम. भैया यायच्या आत खांब रंगवून टाकले, म्हणजे त्याला वाटावं की मी इथे होतो. त्याने पाठ थोपटली माझी. काका, त्याने माझी पाठ थोपटली."

"आणि तो मेल्यावर?"

"कसं सांगणार होतो? मी उभा राहिलो असतो तर कुणी आलंच नाही हे त्याच दिवशी कळलं असतं. भाऊ जिवंत असता." त्याने बाहीने नाक पुसलं. "पोलिसांनी विचारलं, तुम्हारे सामने लगा? मी हाँ म्हणालो. मला काय माहीत त्या एका हाँवर रईसभाई आत जातील."

बाबूराव रस्ता ओलांडून चहावाल्याकडे गेले. चहावाल्याला आठवत होतं. दसऱ्याचा दुसरा-तिसरा दिवस. किल्ली गल्ल्यात पडून होती.

"कोई लेने नहीं आया बाबूजी. मैंने तो वैसे ही लौटा दी अनुप भैया को. उन्होंने पूछा नहीं, मैंने बताया नहीं."

बाकावर बसून बाबूरावांनी दोन्ही कागद मांडीवर ठेवले. ई-वे बिल आणि जॉब कार्ड. नंबर देणाऱ्याला गाडीचा नंबर माहीत होता. पिकअप आहे, माल वाहू शकते, हेही माहीत होतं. इंजिन बाहेर आहे, हे मात्र माहीत नव्हतं. म्हणजे त्याने गाडी पाहिलीच नव्हती. कागद पाहिला होता.

विनय फक्त कागद पाहतो. पण विनयला हे कार्ड दोन नोव्हेंबरला मिळालं, आणि नंबर तेरा ऑक्टोबरला दिला गेला.

त्यांनी कार्ड उलटलं. मागच्या बाजूला अनुपच्या अक्षरात लिहिलं होतं: १० ऑक्टोबर, इंजिन उतरवलं.

ते पुन्हा गॅरेजात गेले. अनुप तसाच बसला होता.

"कार्ड लिहिल्यावर तू त्याचं काय करतोस?"

"फोटो काढून पाठवतो. रोज संध्याकाळी. पावत्या त्यावरून बनतात ना."

"दोन्ही बाजूंचा फोटो?"

"नाही. गाडी आली की पुढचाच. मागे आम्ही नंतर लिहितो."

"आणि पाठवतोस कुणाला?"

अनुपने मान वर केली. उत्तर देण्याआधीच त्याचा चेहरा बदलला.

६

शनिवारी सकाळी जिन्यात रईसची बायको बसलेली होती. तिच्या शेजारी स्टीलचा डबा होता, विभाच्या घरचा. बाबूराव बाजूने वर गेले.

विभाने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पिंकीला शेजारी पाठवते."

ती परत आली तेव्हा बाबूरावांनी ई-वे बिल टेबलावर ठेवलं होतं.

"गॅरेजात तू वर्षातून किती वेळा जातेस, विभा?"

"एकदा. बाबासाहेबांच्या जयंतीला."

"म्हणूनच चूक झाली. कार्डांचे फोटो रोज तुझ्याकडे येतात, पण तुला गाडी दिसली असती तर तू हा नंबर दिला नसतास."

विभाने नकार दिला नाही. खुर्ची ओढून ती समोर बसली.

"नागपूरला आत्याच्या गच्चीवर उभी होते मी. त्या कानपूरच्या बिलवाल्याचा फोन आला. म्हणाला, मैडम, माझ्या दोन्ही गाड्यांचे नंबर पकडले गेलेत, एखादी पिकअप सांगा. मी फोनमध्ये कार्डं बघितली. पहिली दिसली ती सांगितली."

"प्रफुल्लला माहीत होतं?"

"नाही. त्यांनी मला सांगितलं होतं, चांगली पार्टी बघून लिफ्ट दुरुस्त करून घे. पैसे त्यांनीच पाठवले, बिल बघून. त्यांना वाटलं झालं. काका, तीन वर्षं मी अशी बिलं घेत होते. ग्रीस, कूलंट, पुसायचे कपडे. सगळेच घेतात. खर्च वाढतो, कर कमी होतो, क्रेडिट मिळतं, रोकड हातात येते. ग्रीसचं बिल खोटं असलं तर कुणी मरत नाही."

"रोकड कशाला हवी होती?"

"जानकीपुरमला एका खोलीच्या फ्लॅटचं बुकिंग केलंय. माझ्या नावाने. गॅरेजची जमीन दोघा भावांची, हे घर भाड्याचं. उद्या भाऊजींनी विकायला लावली तर मी पोरीला घेऊन कुठे जाऊ? येत्या मार्चमध्ये मी लिफ्टचं काम खरंच करून घेणार होते. शपथ घेऊन सांगते. उन्हाळ्यापासून रईसभाई म्हणत होते, लॉक झिजलंय, लॉक झिजलंय. आणि लिफ्ट रोज चालत होती. मला वाटलं अजून पाच महिने..."



बाबूरावांना विचारायचं होतं ते एकच होतं. "मला कशाला बोलावलंस?"

"तो डबा बघितलात खाली? रोज देते मी. तीही रोज घेते. तिला वाटतं मी चांगली बाई आहे." विभा पहिल्यांदा रडली, तेही फार नाही. "तीन वेळा पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत जाऊन आले. पाय उचलला नाही. मग म्हटलं, तुम्ही आलात की तुम्हाला कळेलच. यांचा तुमच्यावर फार विश्वास होता. काका म्हणाले म्हणजे संपलं, असं म्हणायचे."

बाबूरावांनी ई-वे बिलाची घडी घातली.

त्यांना कमलची शेवटची फाईल आठवली. आजारावरच्या खर्चाची वजावट मिळते, हे त्यांनी शंभर लोकांना सांगितलं होतं. जुलैत स्वतःचं रिटर्न भरताना तो रकाना आला. रुग्णाचं नातं: पत्नी. त्यांनी तो रिकामा सोडला होता आणि पुढे गेले होते. त्याच महिन्यात प्रफुल्ल आला होता. कमल असती तर तिने आधी विचारलं असतं, अरे, ती लिफ्ट पडणार तर नाही ना? ती कुणालाही आधी असंच काहीतरी विचारायची. त्यांना ते कधी सुचलं नाही.

"कागद घे," ते म्हणाले. "तुझ्या हाताने लिही. पहिल्यापासून. मी सांगणार नाही काय लिहायचं ते."

"पिंकीचं काय होईल?"

"लिही."

७

विभाने दीड पान लिहिलं. अक्षर स्वच्छ होतं, पावत्या लिहायची सवय असलेलं. बाबूरावांनी वाचलं. तिने काही लपवलं नव्हतं. फक्त एक गोष्ट गाळली होती, त्यांना सांभाळून घ्यायला.

त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं: प्रफुल्ल मेश्राम नवीन लिफ्ट घेणार होते. नवीन घेऊ नका, दुरुस्ती करा, त्यात कर जास्त वाचतो, असा सल्ला मी दिला होता. लिफ्टची अवस्था मी विचारली नव्हती. मग नाव, पत्ता, सही.

"हे कशाला काका? याला गुन्हा नाही म्हणत कुणी."

"नाही म्हणत," बाबूराव म्हणाले. "तरी राहू दे."

विभा उठली, साडी बदलून आली. खाली उतरताना रईसच्या बायकोसमोर ती थांबली. तिने काय सांगितलं ते बाबूरावांना ऐकू आलं नाही, ते चार पायऱ्या मागे होते. त्यांना एवढंच दिसलं की त्या बाईने मांडीवरचा डबा उचलला, झाकण लावलेलाच, आणि पायरीवर ठेवून दिला.

ठाण्यात दुपार गेली. अनुप आला, त्याने आपला जबाब बदलून दिला. चहावाल्यालाही बोलावलं. विभाला पोलिसांनी घरी सोडलं नाही.

सोमवारी रईसला जामीन मिळाला. खटला राहिला, तारखा पडत राहणार होत्या, पण संध्याकाळी पाचला तो तुरुंगाच्या लहान दारातून बाहेर आला. हातात प्लास्टिकची पिशवी. बायको पुढे झाली, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाबूराव दिसले.

"किसने किया?"

बाबूरावांनी सांगितलं. स्वतःचा भागही सांगितला. रईस ऐकत होता. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि सवयीने तो प्रत्येकीच्या आवाजाकडे कान देत होता.

"तो वो आप थे," तो म्हणाला. "जिसने कहा नई मत लो."

"मीच."

रईसने त्यांच्याकडे पाहिलं. शिवी देईल असं बाबूरावांना वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"मैं भी कौन-सा बच गया," तो म्हणाला. "मैंने आवाज़ सुनी थी." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बच्ची किसके पास है?"

"माझ्याकडे. माझ्या घरी."

"खाना खाती है?"

"दोन दिवस नाही खाल्लं. आज सकाळी अर्धी पोळी खाल्ली."

रईसने मान हलवली. बायकोबरोबर रिक्षाकडे चालू लागला. चार पावलं गेल्यावर थांबला, मागे न वळता म्हणाला, "गैराज की चाबी अनुप से लेकर रखिए. उस लिफ्ट को कोई हाथ न लगाए. पुलिस छोड़े तो खंभा मैं खोलूँगा."

बाबूराव घरी पोचले तेव्हा पिंकी कमलच्या खुर्चीत बसून गणितं सोडवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आजोबा, मम्मी कब आएगी?"

त्यांनी चप्पल काढली, कोपऱ्यात नीट ठेवली. खोटं बोलायचं नाही, एवढंच त्यांनी येताना ठरवलं होतं.

"मला माहीत नाही, बाळा," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.